दीडपट आरती

शालीचा खोका माझ्या मांडीवर होता आणि नारळ खांबेटे सरांच्या. व्हॅन स्वतः ढमढेरे साहेब चालवत होते. मागे दोन आरती यंत्रं आडवी घातलेली, त्यांच्या नगाऱ्यांवर जुन्या चादरी. दसऱ्याची सकाळ होती आणि देवस्थानाला पोचायला अजून निम्मा घाट बाकी होता.

“खोका नीट धर,” साहेब आरशातून म्हणाले. “चुरगळलेली शाल खांद्यावर बरी दिसत नाही.”

कुणाच्या खांद्यावर, ते त्यांनी सांगितलं नाही. तेच ठरवायला तर आम्ही चाललो होतो.

आमच्या कंपनीत कुणाला नोकरीवरून काढत नसत. सत्कार करत. शाल, श्रीफळ, साहेबांचे दोन शब्द, टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी गेटवरचा वॉचमन ओळख दाखवत नसे. मी लागल्यापासून असे तीन सत्कार पाहिले होते. पॅकिंगमधल्या एकाला शाल बघूनच रडू फुटलं, तर साहेबांनी भाषणात ‘हळव्या मनाचा कार्यकर्ता’ म्हणून त्याचा गौरव केला.

आता पाळी आमच्या दोघांपैकी एकाची होती. साहेबांनी हे आम्हाला समोरासमोर बसवून, चहा देऊन सांगितलं होतं. क्लॉक एक आणि त्यामागे माणसं दोन, हे त्यांना परवडत नव्हतं. दसऱ्याला देवस्थानात दोघांची यंत्रं वाजतील. विश्वस्त ज्याचं घेतील तो राहील, दुसऱ्याचा तिथेच सत्कार. देवाच्या दारात सत्कार म्हणजे भाग्यच, असंही ते म्हणाले.

माझं भाग्य उजळलं असतं तर मला बार्शीला मामाच्या टायरच्या दुकानात बसावं लागणार होतं. मामाने गल्ल्यामागची खुर्ची पुसून ठेवली होती आणि दर रविवारी फोन करून तसं कळवतही होता. खांबेटे सरांना निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांना बोलावणारा मामा कुठेच नव्हता.

यंत्र म्हणजे तुम्ही देवळात पाहिलेलं असतं तेच. लोखंडी सांगाड्यात एक नगारा, दोन झांजा, एक घंटा. बटण दाबलं की काठ्या आपोआप पडतात आणि माणसं आयती टाळ्या वाजवतात. इतरांच्या यंत्रात नुसती मोटर असते. आमच्या यंत्रात कॉम्प्युटर होता, त्यात लिनक्स होतं, आणि प्रत्येक आरतीचा ठेका वेगळा वाजे. एका नगाऱ्याला एवढी अक्कल कशाला, असं गिऱ्हाईक विचारे. साहेब म्हणत, देवाला कमी पडू नये.

तर क्लॉक. बोर्डावरचं क्लॉक म्हणजे वेळ सांगणारं घड्याळ नव्हे. ते नुसते ठोके देतं. चकचकीत पत्र्याच्या डबीत एक क्रिस्टल असतो, तो सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरतो, आणि त्या थरथरीला गुणून-भागून बोर्डावरचा प्रत्येक भाग आपापला ताल धरतो. क्रिस्टल केवढ्याचा आहे ते मात्र कुणीतरी कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याला स्वतःहून कळत नाही. सोळाचा असताना चोवीसचा सांगितला तरी तो निमूटपणे ऐकतो आणि सगळं गणित त्यावर करतो.

सांगायचं कुठे, यावर मी आणि सर वर्षभर भांडत होतो.

सर ते ड्रायव्हरमध्ये, म्हणजे नगारा चालवणाऱ्या कोडच्या पोटातच, कोंबत. आमची सात मॉडेलं होती, म्हणून सात ड्रायव्हर होते. सातही सारखे, फक्त आकडे निराळे, आणि कुठला आकडा कुठून आला ते फक्त सरांना ठाऊक. मला घेतलं होतं ते हे आकडे कोडमधून उपसून काढायला. प्रत्येक बोर्डाची एक साधी फाईल करायची, तिच्यात लिहायचं की या बोर्डावर अमुक क्रिस्टल आहे, त्यातून अमुक क्लॉक निघतं, ते नगाऱ्याला जातं, हे झांजेला जातं. कोड एकच. तो फाईल वाचतो आणि वागतो. बोर्ड बदलला तर फाईलमधला आकडा बदला, कोडला हातही लावू नका.

सरांना ही कल्पना आवडली नाही, कारण ती चांगली होती.

“मी क्लॉकला सांगतो,” ते म्हणत. “तू क्लॉकबद्दल सांगतोस. बायकोला सांगणं आणि बायकोबद्दल सांगणं यात फरक असतो, हे तुला लग्नानंतर कळेल. तुझं लग्न झालं तर.”

माझं नाव मल्हार गुंजाळ. ते त्यांनी कधी घेतलं नाही. ते मला वर्णनकार म्हणत. चार वाजता चहाचा ट्रे आला की माझा कप उचलून आपल्या टेबलावर ठेवत आणि सगळ्यांदेखत म्हणत, वर्णनकार, चहाचं वर्णन कर, पोट भरतंय का बघू. लोक हसत. पहिल्यांदा मी पण हसलो. पुढे वर्षभर मी रोज चार वाजता चहाचं वर्णन केलं, आलं, गवती चहा, साय, सगळं, आणि रोज माझा चहा ते प्यायले.

आता ज्या बोर्डावर सगळं अवलंबून होतं तो नवा बोर्ड आमच्याकडे आला अष्टमीला. दशमीला तो देवस्थानात वाजायचा होता. दोन दिवस हातात होते, आणि ते दोन दिवस कुठले होते ते बघा.

अष्टमीला कुसुरकर मॅडमनी बोर्डांना हळदीकुंकू लावलं. या मॅडम खरेदी बघत आणि कंपनीतला सगळा देवधर्मही. नवा बोर्ड आला की त्याला कुंकू लागल्याशिवाय पुढे जात नसे. हिरव्या बोर्डावर कपाळासारखं सपाट, चकचकीत असं एकच ठिकाण असतं, ते म्हणजे क्रिस्टलची डबी. मॅडम वर्षानुवर्षं तिथेच कुंकू लावत आल्या होत्या आणि त्यांचा हात सढळ होता. त्यानंतर बोर्ड वार्निशमध्ये बुडवत, कारण देवळात कापराची काजळी आणि तेलाचा धूर फार. म्हणजे क्रिस्टलवर छापलेला आकडा कुंकवाखाली आणि कुंकू कायमचं वार्निशखाली. आमच्या एकाही यंत्रातला क्रिस्टल कुणाला वाचता येत नसे. जगात सगळीकडे बोर्डावर माहिती छापतात, आम्ही तिला अहेवपण देत होतो.

आकडा वाचता येत नसेल तर मोजावा. मोजायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी. ऑसिलोस्कोप, मीटर, सोल्डरिंग गन, मोटरा, नगाऱ्याच्या काठ्या, सगळी हत्यारं झेंडूच्या माळा घालून पाटावर बसवलेली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पूर्वी एकाने नवमीला ड्रिल चालवलं आणि आठवड्याच्या आत बोट गमावलं. त्याचाही सत्कार झाला. नारळ धरताना त्याला जरा त्रास झाला एवढंच.

मी ऑसिलोस्कोपच्या दिशेने दोन पावलं टाकली तर मॅडमनी निरांजन खाली ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, नमस्कार करतोय. आणि केला. कीबोर्ड हे हत्यार नव्हे, असा साहेबांनी निर्णय दिला होता, म्हणून टायपिंग चालू होतं. लिहायला पूर्ण मोकळीक, मोजायला बंदी.

मॅडमना विचारलं, क्रिस्टल कुठला मागवला होतात. त्या म्हणाल्या, सोळाचे पण मागवले होते आणि चोवीसचे पण, कुठला कुठे बसवला ते खांबेट्यांना विचारा. सरांच्या ड्रायव्हरमधल्या आकड्यांवरून उलटं गणित करून पाहिलं, तर सोळाही बसत होते आणि चोवीसही.

मग मी सरांकडे गेलो. ते खिडकीशी बशीतून चहा पीत होते. माझाच.

“सर, नव्या बोर्डावरचा क्रिस्टल केवढ्याचा आहे?”

“तुझ्या फाईलला माहीत नाही?”

“मी सांगेन तेव्हा फाईलला कळेल.”

“आणि तुला?”

“तुम्ही सांगाल तेव्हा.”

हे वाक्य त्यांनी बशीतल्या चहाबरोबर चवीने घेतलं. मला वाटतं, वर्षभर ते याच वाक्याची वाट बघत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली.

“सोळा,” ते म्हणाले.

“नक्की?”

“मी स्वतः उभा राहून बसवून घेतलाय. पुढे?”

मी फाईलमध्ये सोळा लिहिले. अशा फाईलमध्ये यंत्र वाचत नाही अशी एखादी ओळ माणसांसाठी लिहून ठेवायची पद्धत असते. आकड्याच्या वर मी लिहिलं, ‘क्रिस्टल सोळाचा, श्री. खांबेटे सरांनी सांगितल्याप्रमाणे.’ त्यांना बरं वाटेल म्हणून स्क्रीन वळवून दाखवलंही. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

“नावाची काही गरज नव्हती,” ते म्हणाले.

मला तो त्यांचा विनय वाटला.

देवस्थानाच्या सभामंडपात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी उभी केली. समोर सतरंजीवर विश्वस्त बसले होते, मध्यभागी त्यांचे अध्यक्ष वाबळे अण्णा. हा माणूस पूर्वी साखर कारखाना चालवायचा आणि आता देव चालवत होता. मागे दर्शनाची रांग थोपवून धरलेली. माझ्या यंत्राच्या काठ्या सकाळीच पाटावरून उठून आल्या होत्या, म्हणजे नगारा आणि फाईल यांची भेट पहिल्यांदा तिथेच होणार होती.

सरांचं यंत्र आधी वाजलं. आरती कशी असावी तशी झाली. ठेका ठाय, झांजा जागच्या जागी, घंटा वेळेवर. गुरुजींनी ताट ओवाळलं, लोकांनी डोळे मिटून टाळ्या वाजवल्या. मधेच एक विश्वस्त फोन घ्यायला बाहेर गेले, ऊस तोडणीबद्दल सविस्तर बोलून परत आले, तरी आरती चालूच होती. सरांनी माझ्याकडे न बघता नारळाची शेंडी विंचरल्यासारखी सारखी केली. नारळ मला द्यायचा तर तो नीटनेटका असावा असं त्यांना वाटत होतं.

मग मी माझ्या यंत्राचं बटण दाबलं.

नगारा दचकून उठला. पहिल्या दोन ओळींना लोकांना वाटलं, सुरुवातीची गंमत असेल. तिसऱ्या ओळीला त्यांना कळलं की ही आरती थांबणार नाही, आपल्यालाच गाठायची आहे. ते पळाले. शब्द गिळत, श्वास चोरत, देवाच्या नावातली अक्षरं सांडत पळाले. गुरुजींचं ताट गिरक्या घेऊ लागलं आणि निरांजनाची ज्योत आडवी झाली. एक आजीबाई टाळ्या वाजवता वाजवता खांबाला टेकल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, माझ्या पण तूच वाजव. झांजा एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या. आणि अचानक सगळं संपलं. गुरुजींचा हात आणखी दोन फेरे फिरून मग थांबला.

मंडपात फक्त धापा ऐकू येत होत्या.

मी खोक्याकडे पाहिलं. शालीचा रंग मोरपंखी होता. टायरच्या दुकानात तो लवकर मळला असता.

सर उठून माझ्याकडे आले. इतका प्रसन्न चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. “काय वर्णनकार,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी नारळ पुढे केला.

“आज रांग कुठपर्यंत आहे रे?” वाबळे अण्णांनी मागे वळून विचारलं.

कुणीतरी सांगितलं, एस.टी. स्टँडपर्यंत.

“आणि आरती अशी उरकली तर?”

त्या माणसाने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणाला, पाराच्या अलीकडे येईल.

अण्णांनी ढमढेरे साहेबांकडे पाहिलं. साहेब धंद्यात उगाच नव्हते. “हा आमचा द्रुतगती प्रकार,” ते म्हणाले. “गर्दीच्या देवस्थानांसाठी खास काढलाय.”

“अहो, प्रकार कसला,” खांबेटे सर म्हणाले. नारळ अजून पुढे धरलेलाच होता. “चूक आहे ती. क्लॉक चुकलंय त्याचं. नेमकं दीडपट पळतंय.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नेमकं दीडपट. मोजायला तर कुणाकडेच काही नव्हतं.

“चुकलंय म्हणता?” अण्णांनी शांतपणे विचारलं.

“शंभर टक्के. मी आत्ता दुरुस्त करून देतो.”

“असू द्या. दुरुस्त करू नका.”

सगळ्या पोटदेवळांसकट यंत्रं घ्यायची तिथल्या तिथे ठरली. सगळी याच चुकीची, अशी अट अण्णांनी घातली. गुरुजींनी एकदा खांदा दुखत असल्याचं सांगून पाहिलं. तर अण्णा म्हणाले, दोन गुरुजी ठेवू.

मग साहेबांनी माझ्याजवळचा खोका उचलला. सरांच्या हातातला नारळ सरांच्याच हातात होता, त्यामुळे तो भाग आधीच उरकलेला होता. शाल अण्णांनी घातली. साहेब दोन शब्द बोलले, त्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द तीनदा आला. शेवटी त्यांनी जाहीर केलं की सरांच्या प्रदीर्घ सेवेची आठवण म्हणून कंपनी त्यांच्या सोसायटीतल्या गणपतीच्या देवळाला एक यंत्र भेट देणार आहे, सरांच्या नावाच्या पाटीसकट. टाळ्या पडल्या. कुणीतरी उत्साहाने माझ्या यंत्राचं बटण दाबलं, आणि सर शाल सावरत असतानाच दुसरी आरती सुरू होऊन संपलीसुद्धा.

परत येताना सर माझ्या शेजारीच बसले. व्हॅनमध्ये दुसरी जागा नव्हती. माझं यंत्र पायाशी होतं. घाटात मी किल्लीच्या टोकाने बोर्डावरचं वार्निश खरवडत बसलो. आधी वार्निश निघालं, मग कुंकू, मग पुन्हा कुंकू, कारण मॅडमनी दोनदा लावलं होतं. खाली छापलेला आकडा स्वच्छ होता.

“सर, चोवीस आहे.”

“माहीत आहे.”

“मग सोळा का सांगितलंत?”

त्यांनी शालीचं टोक गुडघ्यावर सारखं केलं. “तू विचारलंस म्हणून,” ते म्हणाले.

 घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, “बदलशील ना तो आकडा? निदान माझ्या देवळाच्या यंत्रात तरी.”

मी म्हटलं, बघतो. मी तसा मनाने वाईट नव्हतो, पण या बोर्डाच्या सगळ्या यंत्रांना फाईल एकच होती. तिचा फायदाच तो होता.

याला आता नऊ वर्षं झाली. सरांच्या जागेवर मी बसतो. द्रुतगती प्रकार इतका चालला की बाकीची सहा मॉडेलं साहेबांनी बंदच केली. सरांचे सातही ड्रायव्हर पुसून टाकले. त्यांच्या हातची एवढीच खूण कंपनीत उरली आहे: प्रत्येक यंत्रात जाणाऱ्या फाईलमधली एक ओळ आणि तिच्याखाली सोळा.

गेल्या महिन्यात त्यांच्या सोसायटीतून तक्रार आली की घंटेची काठी निसटते आहे. माणूस पाठवता आला असता, पण मी स्वतः गेलो. देऊळ सरांच्या खिडकीला लागूनच आहे. यंत्रावर पितळेची पाटी आहे, रोज घासून चकचकीत ठेवलेली. काठी बसवून मी फाईल तपासायला लॅपटॉप जोडला, तेवढ्यात सर काठी टेकत खाली आले. खूप वाळले होते. अंगावर ती मोरपंखी शाल होती. थंडी नव्हती.

“सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा,” ते म्हणाले. “नऊ वर्षं. खिडकी बंद केली तरी ऐकू येतं. मी सोसायटीत सगळ्यांना सांगून पाहिलं की हे चुकीचं आहे. ते म्हणतात, पाटीवर तुमचंच नाव आहे.”

मी मान डोलावली.

“फाईल उघडीच आहे ना तुझी?”

“हो सर.”

“एकच आकडा आहे.”

“एकच. कोडला हात लावायची पण गरज नाही. यासाठीच तर आपण ते बाहेर काढलं होतं.”

“मग बदल. चोवीस कर.”

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ती ओळ त्यांनी वाचली. त्यांचे ओठ हलले.

“कसा बदलू, सर?” मी म्हटलं. “वर तुमचं नाव आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहिलंय.”

“आताही मीच सांगतोय.”

“मागच्या वेळीही तुम्हीच सांगितलं होतंत.”

मी लॅपटॉप मिटला. सात वाजले होते. सोसायटीची माणसं जमली आणि यंत्र आपोआप सुरू झालं. मुलं तर याच वेगाने आरती शिकली आहेत, त्यांना धापही लागत नाही. सर खांबाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच, सावकाश, ठाय. आरती संपली. सेक्रेटरींनी शिऱ्याचे द्रोण वाटले, लोक बोलत बोलत घरी गेले, कुणीतरी मंडपातला मोठा दिवा घालवला. सरांच्या टाळ्या चालूच होत्या. त्यांच्या हिशेबाने अजून तिसरा भाग बाकी होता.

माझ्या हातात दोन द्रोण होते, एक माझा, एक त्यांचा. थोडा वेळ थांबलो. मग शिरा गार होईल म्हणून दोन्ही खाल्ले.

त्यांच्या टाळ्या थांबल्यावर जवळ गेलो आणि प्रसाद कसा होता ते सांगितलं. साजूक तूप, वरून बेदाणे, वेलदोडा किंचित जास्त, पण एकंदरीत उत्तम.